माझा अंगठा आणि त्यांची थंड खोली

२ एप्रिल, मंगळवार

आजपासून रोजनिशी. नियमित. वेळच्या वेळी लिहून ठेवलं नाही की नंतर जो तो म्हणतो, आम्ही हेच सांगत होतो.

पंप कंपनीत जाऊन आलो. जुने इन्स्पेक्टर निवृत्त झाले. देवमाणूस. आमच्या शाफ्टची पेटी आली की झाकणावर हात ठेवायचे आणि एकच विचारायचे, तूच मोजलेस ना? मी हो म्हणायचो. सही. वीस वर्षांत एक शाफ्ट परत आला नाही. जाताना त्यांनी मला कंपनीतर्फे चिनी मातीचा कप दिला. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘विश्वासू पुरवठादार’. कारखान्यात माझ्या टेबलावर असतो. दुसऱ्या कपातला चहा आता मला पाणचट लागतो.

नवा इन्स्पेक्टर माझ्या मुलीच्या वयाचा. बारीक. चष्मा. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. म्हणे तपासणीच्या खोलीत बारा महिने वीस अंश ठेवतात. कुणासाठी, विचारलं. मशीनसाठी, म्हणाला. मग मशीन दाखवलं. काळ्या दगडाचं टेबल, वरून एक दांडी खाली येते, तिच्या टोकाला लाल मणी. मणी शाफ्टला इकडे टेकतो, तिकडे टेकतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. एवढंच! हे मी अंगठा आणि दोन बोटांत करतो. शिवाय मला वीज लागत नाही.

मुद्दा असा: यापुढे शाफ्टला एकच पुरवठादार. एक तर मी, नाही तर माझा मेहुणा. दोघांनी नमुन्याचा एकेक लॉट द्यायचा. मशीन ठरवणार. आमचं निम्म्याहून जास्त काम पंप कंपनीचं, तेव्हा हे गेलं तर कारखान्याला कुलूप. पण ते जात नाही. मेहुण्याला लेथ मी शिकवला. त्याला अजून कॅलिपर सरळ धरता येत नाही.

संकल्प: चिडायचं नाही. फक्त सिद्ध करायचं.

४ एप्रिल, गुरुवार

कामाला लागलो. शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा पन्नास मिलिमीटर. दहा मायक्रॉनपर्यंत कमी चालेल. जास्त एकही नाही. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो. माझा मी स्वतः मोजलेला आहे, होता तेव्हा.

ग्राइंडरवर आमचा सबुरी. त्याचं खरं नाव आठवायला त्याच्या आईलाही वेळ लागेल. काहीही सांगा, पहिला शब्द ‘सबुरी, मालक’. शाफ्ट घासून झाला की म्हणतो, सबुरी, गार होऊ द्या, मग मोजा. आणि गार होईपर्यंत स्वतः टपरीवर. शाफ्टला गार व्हायला आणि याला गरम चहा प्यायला बरोबर सारखाच वेळ लागतो, यात मला कट दिसतो. माझ्या कारखान्यात शाफ्ट मशीनवरून उतरला की तसाच मोजायचा. ताजा. हाताला चटका बसला म्हणजे काम झालं. घासताना पाण्याची धारही मी बारीक ठेवतो. ठिणग्या उडाल्या नाहीत तर काम चालल्यासारखं वाटत नाही.

मोजतो मी. मायक्रोमीटर, म्हणजे वस्तू जबड्यात धरून आवळली की जाडी सांगणारी लोखंडी कमान, उस्तादांचा, मी त्यांच्याकडे झाडू मारत होतो तेव्हाचा. त्याच्या शेपटीला रॅचेट आहे. ते फिरवलं की ठरावीक दाब आला रे आला, टिक टिक करून सुटतं, पुढे आवळू देत नाही. मी कधी हात लावला नाही. ज्याच्या अंगठ्याला अक्कल नाही त्याच्यासाठी ती सोय. मी सरळ आवळतो. लोखंड कुठे थांबतं ते मला आतून कळतं.

कानही तसेच. ग्राइंडरचा सूर ऐकून मी घराच्या ओट्यावरून सांगतो, अजून किती घासायचं राहिलंय. घर कारखान्याच्या मागेच आहे, त्यामुळे बरंच काही ऐकू येतं. आजच ऐकलं. बायको सबुरीला म्हणत होती, यांचा अंगठा म्हणजे एक प्रकरणच आहे.

बरं वाटलं.

६ एप्रिल, शनिवार

मुलीशी वाद. ती एका लॅबमध्ये आहे. मोजायची साधनं बरोबर आहेत का, हे मोजणारी लॅब. मग लॅबची साधनं कोण मोजतं, विचारलं. वरची लॅब. तिची? तिच्या वरची. म्हटलं, शेवटी कुठे तरी एक माणूस अंगठा लावून बसलेला असणार. ती म्हणाली, बाबा, तो तुम्ही नाही.

मायक्रोमीटर तपासायला नेते म्हणाली. साफ नाही म्हणालो. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर कुणी बायकोला दाखला मागतं का? यावर बायको आतून म्हणाली, मागा की, मीही तुमचा मागते.

दिला शेवटी. चिडलो नाही. जरा आवाज चढला, पण तो ग्राइंडर चालू होता म्हणून.

९ एप्रिल, मंगळवार

विजय!

मायक्रोमीटर तपासून आला. अचूक. एका मायक्रॉनचाही दोष नाही. वर हिरवं स्टिकर आणि लॅबचा शिक्का. सबुरीला दाखवलं, टपरीवाल्याला दाखवलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला दाखवलं. त्याला वाटलं माझा रक्ताचा रिपोर्ट आलाय. नॉर्मल आहे ना मग झालं तर, म्हणाला.

मुलीला म्हटलं, बघ, बरोबर निघालो की नाही. ती म्हणाली, मायक्रोमीटर बरोबर निघालाय, बाबा. हातावर मी स्टिकर लावलेलं नाही. तिला तोंड तिच्या आईचं.

तरीही मन मोठं केलं. तिने एक गोष्ट मागितली, ती कबूल केली. या लॉटला रॅचेट लावीन म्हणालो. रॅचेट म्हणजे तेच ते टिक टिक. माझ्या हाताचं काही बिघडत नाही आणि पोरीचा मान राहतो. तिची दुसरी मागणी, शाफ्ट गार करून मोजा, ही मात्र फेटाळली. ती सरळ सबुरीने पढवलेली आहे.

१० एप्रिल, बुधवार

नमुन्याचा लॉट पूर्ण. एकेक शाफ्ट चटके सोसून मोजला. टिक टिक टिक. एकूण एक बरोबर, चालणाऱ्या दहा मायक्रॉनच्या मधोमध. असा लॉट माझ्या हातून आजवर झाला नव्हता. बायकोने तेल लावून कागदात गुंडाळले. म्हणाली, अजून कोमट आहेत हो. म्हटलं, मायेने केलेत.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. दाजी, तुमचा गेला का? म्हटलं, गेला, तुझा? म्हणाला, उद्या देतो, एक रात्र एसीत ठेवलेत. मी फोन ठेवल्यावर हसलो. शाफ्टला एसी! पुढे त्यांना रजाही देईल.

१३ एप्रिल, शनिवार

लॉट नापास.

सगळा.

पन्नासच्या खाली दहा मायक्रॉन चालतात, आमचे प्रत्येक त्याच्याही खाली पाच-सहा. जास्त असते तर पुन्हा घासून बसवता आले असते. कमी झालेलं लोखंड परत चढत नाही. सगळे भंगारात. मेहुण्याचे पास.

कप टेबलावर ठेवला. जरा जोरात ठेवला असावा. कान तुटला. माझा नाही, कपाचा.

मशीन चुकतंय. दुसरं कारणच नाही. माझा मायक्रोमीटर तपासलेला आहे, स्टिकर आहे. त्यांच्या मणीवाल्या दांडीचं स्टिकर मला दाखवलं का?

१५ एप्रिल, सोमवार

कारण सापडलं! कालचा अख्खा दिवस विचार केला. त्यांच्या खोलीत थंडी. थंडीत लोखंड आकसतं. हे तर शाळेतलं पोरही सांगेल. माझे शाफ्ट इथून निघाले तेव्हा बरोबर होते, तिथे जाऊन गारठले आणि लहान झाले. दोष कुणाचा? खोलीचा.

जेवताना हे मांडलं. मुलगी घास तोंडाशी नेऊन थांबली. म्हणाली, बाबा, तुम्ही दारापर्यंत आलात, आता फक्त आत या. काय म्हणायचंय ते कळलं नाही. बायको म्हणाली, खाऊ दे त्यांना.

उद्या मायक्रोमीटर घेऊन स्वतः जाणार. समोरासमोर. होऊन जाऊ दे.

१६ एप्रिल, मंगळवार

गेलो होतो. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी वेगळं सांगू नये.

इन्स्पेक्टर अदबीने वागला. काका, बसा. चहा? म्हटलं, आधी शाफ्ट. त्याने आमचाच एक शाफ्ट दिला. मी म्हटलं, तुझ्या दगडाने काय सांगितलं ते बोलू नकोस. मायक्रोमीटर काढला, मोजला. आता तिथे माझं डोकं जरा गरम होतं, त्यामुळे रॅचेट राहिलं आणि अंगठाच लागला. सवय. आकडा आला तो मशीनपेक्षाही कमी. माझाच शाफ्ट, माझाच मायक्रोमीटर, आणि मला मशीनपेक्षा जास्त नापास केलं.

म्हटलं, मायक्रोमीटरला थंडी बाधली. पुन्हा मोजला. आणखी कमी. इन्स्पेक्टर म्हणाला, काका, तोच शाफ्ट आहे हां. मी पुन्हा मोजला. आणखी. त्याच्या हाताखालच्या मुलीने हळूच त्याला सांगितलं, काका चिडतील तसा शाफ्ट बारीक होतोय. माझे कान तिखट आहेत हे तिला माहीत नसावं.

मी शाफ्ट उचलला आणि बाहेर आलो. फाटकाजवळ उन्हात फरशीवर ठेवला. मायक्रोमीटर सावलीत, त्याला ऊन सोसत नाही. शेजारी बसलो. वॉचमनने विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, याची. तो शाफ्टकडे बघत राहिला, मग स्टूल सरकवून थोडा लांब बसला.

चांगला तापल्यावर मोजला. शांतपणे, रॅचेटने. टिक टिक टिक. मधोमध! कारखान्यात होता तोच आकडा! ओरडलो म्हणे. वॉचमनने आत कळवलं. इन्स्पेक्टर स्वेटरसकट उन्हात आला. मी मायक्रोमीटर त्याच्या चष्म्यासमोर धरला. त्याने वाचला. मान्यही केला. बरोबर आहे म्हणाला. मग शाफ्ट एका हातातून दुसऱ्या हातात करत, चटका बसत होता त्याला, विचारलं, काका, पंप कुठे चालतो?

पाण्यात.

मी म्हटलं, या प्रश्नाचा मी विचार करीन.

निघताना त्याने थांबवलं. म्हणाला, एक मला सुटत नाही. स्टोअरमध्ये तुमचे जुने शाफ्ट शिल्लक आहेत, मागच्या काही वर्षांचे. कालच सगळे मशीनवर मोजले. सगळे पास. तेव्हा बरोबर यायचे आणि आता एकदम सगळे कमी, हे कसं? म्हणून आणखी एक लॉट द्या म्हणाला. शेवटचा. पुढच्या सोमवारी. तो आला नाही तर मग सगळं काम मेहुण्याकडे.

बघा! मशीननेच कबूल केलं, वीस वर्षं मी बरोबर होतो. मग बिघडलं केव्हा? पोरीचं ऐकलं तेव्हा.

१८ एप्रिल, गुरुवार

मुलगी लॅबमधून स्टीलचा एक ठोकळा घेऊन आली. आरशासारखा. म्हणाली हा पन्नास आहे. किती पन्नास? पन्नासच पन्नास. मोजा म्हणाली, तुमच्या पद्धतीने. मोजला. दहा मायक्रॉन कमी आला. म्हटलं, तुझ्या लॅबला फसवलंय कुणीतरी. मग तिने रॅचेट लावून मोजला. पन्नास.

बाबा, तुमचा अंगठा मायक्रोमीटरची कमान ताणतो, म्हणाली. तो मायक्रोमीटर आहे, शिकंजा नाही.

मग कारखान्यात घेऊन गेली. सबुरीकडून एक शाफ्ट घासून घेतला, तापलेला असतानाच रॅचेटने मोजला, आकडा खडूने फरशीवर लिहिला. सगळ्यांना चहा प्यायला पाठवलं. सबुरी इतक्या आनंदाने कधी कुठे गेला नव्हता. परत आल्यावर तोच शाफ्ट मोजला. दहा मायक्रॉन कमी.

म्हणजे तिचं म्हणणं असं. गरम शाफ्ट खऱ्यापेक्षा दहाने मोठा दिसतो. आणि माझा अंगठा दहाने लहान दाखवतो. वीस वर्षं एका चुकीने दुसरीला सांभाळून घेतलं. या वेळी मी रॅचेट लावलं, म्हणजे एक चूक सुधारली आणि दुसरी उघडी पडली.

सगळे माझ्याकडे बघत होते. सबुरी तेवढा जमिनीकडे बघत होता.

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, चूक काय म्हणतेस? ज्या दोन गोष्टी एकत्र आल्या की उत्तर बरोबर येतं, तिला पद्धत म्हणतात! गरम अधिक अंगठा. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे मी शोधलं.

मुलगी म्हणाली, न कळता.

म्हटलं, मोठे शोध तसेच लागतात.

त्यावर ती एकदम हळू आवाजात बोलली. ती हळू बोलली की मला आवडत नाही. म्हणाली, पद्धत ती, जी उद्याही तेच उत्तर देते. शाफ्ट रोज सारखाच तापतो का? आणि बाबा, तुमचा राग रोज सारखा असतो का?

जेवण जरा कमी गेलं. ऊन फार होतं.

ठरलं: शेवटचा लॉट जुन्या पद्धतीने. शाफ्ट गरम, अंगठा पूर्ण. बायको म्हणाली, अहो, निदान या वेळी तरी. म्हटलं, या वेळीच. आता माघार घेतली तर तुझा भाऊ काय म्हणेल? ती म्हणाली, काही म्हणणार नाही. परवा त्याचाच फोन होता, दाजींना सांग माझ्याकडची एसीची खोली वापरा म्हणून. मी म्हटलं, बघितलंस, टोमणे मारतोय.

२० एप्रिल, शनिवार

लॉट पूर्ण. शेवटचा शाफ्ट दुपारी उतरला.

अंगठ्याला आज खूप काम पडलं. कारखाना डोळ्यासमोर येत होता, त्यामुळे कदाचित नेहमीपेक्षा जास्तच आवळला गेला. नख काळंनिळं झालंय. काही शाफ्ट सबुरीच्या चहामुळे गार झाले होते, तेही आवळून बरोबर केले. आकडे सगळे मधोमध. पेटी बंद केली. बायकोला सांगितलं, आता कुणी हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. ती इतक्या चटकन बरं म्हणत नाही. थकली असेल.

२१ एप्रिल, रविवार

सुट्टी. केस कापायला गेलो. माझ्या डोक्याचं काम लवकर उरकतं. तासाच्या आत परत.

गल्लीच्या तोंडाशीच कळलं, आमचा ग्राइंडर चालू आहे. रविवारी! सुरावरून ओळखलं, शेवटचा हलका हात फिरतोय. पाण्याची धारही जाड होती, ठिणग्यांचा आवाज नाही. मग ग्राइंडर थांबला. बराच वेळ काही नाही. कपबशांचा आवाज. मग

टिक टिक टिक.

मी शटरपाशी उभा राहिलो. शटर अर्धं खाली होतं. आत तिघं असावीत. मुलगी म्हणाली, आई, रॅचेट तीनदा टिक करेल, मग हात सोडून वाच. बायकोने आकडा वाचला. मुलगी म्हणाली, बरोबर, पुढचा. सबुरी म्हणाला, सगळे जाडच ठेवलेत मालकांनी, कुठला सहा मायक्रॉन, कुठला बारा, कुठला चारच. मुलगी म्हणाली, बरं झालं, जाड आहेत तोवर घासता येतात. बाबांनी जास्तच आवळले, आकडा लवकर खाली आला, म्हणून वाचलो.

मग सबुरीने विचारलं, वहिनी, मालकांना कळलं तर?

बायको म्हणाली, त्यांना कळलंय रे गुरुवारीच. कळलेलं दिसू द्यायचं नाहीये, तेवढं आपण सांभाळायचं.

टिक टिक टिक.

काय बोलत होते ते नीट ऐकू आलं नाही. रस्त्यावर वाहनांचा आवाज फार.

आत जाणार होतो. जाब विचारणार होतो. मालक मी आहे. पण न्हाव्याकडे छत्री विसरल्याचं आठवलं. म्हणजे छत्री नव्हती नेली, पण नेली असती तर विसरली असती. परत गेलो. दाढी करून घेतली. न्हावी म्हणाला, गुळगुळीत आहे की, सकाळीच केलेली दिसते. म्हटलं, तू कर. सावकाश कर.

घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. बोटांना ग्राइंडिंगचं पाणी लागलं की एक वास येतो, तो काही केल्या जात नाही. मी म्हटलं, कारखान्यात सगळं ठीक? म्हणाली, बंद आहे ना आज. म्हटलं, हो, बंदच आहे.

२२ एप्रिल, सोमवार

लॉट पोचवला. पेटी उचलताना वाटलं, थोडी हलकी आहे. अर्थात दहा-बारा मायक्रॉन लोखंडाचं वजन हाताला कळणं शक्य नाही. मला सुद्धा.

२४ एप्रिल, बुधवार

पास! सगळे. इन्स्पेक्टरचा फोन आला, बायकोला घेऊन लगेच गेलो. ती का हवी होती ते माहीत नाही. साडी बदलून तयारच उभी होती म्हणून घेतली.

इन्स्पेक्टर म्हणाला, काका, मेहुण्यांच्या लॉटपेक्षा सरस. काम तुमच्याकडे राहील. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. मी पद्धतीबद्दल थोडं बोलणार होतो, सुरुवातही केली होती. पण त्याने कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. म्हणाला, आता आमच्याकडे मोजणाऱ्याचं नाव नोंदवावं लागतं. त्याच व्यक्तीने, त्याच पद्धतीने दर वेळी मोजायचं. दुसऱ्या कुणी मोजलं तर लॉट आपोआप परत. आणि मग वर बघून, अगदी जुन्या इन्स्पेक्टरसारखं, विचारलं, तुम्हीच मोजलेत ना?

हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. वीस वर्षांची सवय.

बायको खिडकीबाहेर बघत होती. मुद्दाम. मी काय म्हणेन ते तिने माझ्यावर सोडलं होतं. शेजारच्या खोलीत त्या मशीनचा मणी कशाला तरी टेकला. कानाला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

म्हटलं, हिने.

इन्स्पेक्टरने नाव लिहिलं. पद्धत? विचारलं. बायको म्हणाली, गार करून, रॅचेटने, तीन टिक. तेही लिहिलं.

अर्थात तिला शिकवलं मीच. म्हणजे ती वीस वर्षं मला बघत होती, आणि काय करायचं नाही हे शिकायलाही कुणीतरी समोर लागतंच. हे इन्स्पेक्टरला सांगणार होतो, पण त्याच्या खोलीत थंडी फार. दातावर दात वाजत होते.

परतताना रिक्षा केली. बायकोने माझा काळानिळा अंगठा हातात घेऊन बघितला आणि परत ठेवून दिला.

२७ एप्रिल, शनिवार

नवी व्यवस्था सुरू. माझं टेबल दाराशी आणलं, हवा चांगली येते म्हणून. माझ्या जुन्या जागी बायको, पंखा आणि दोन नवे मायक्रोमीटर. शाफ्ट गार होईपर्यंत सबुरीला चहाची अधिकृत सुट्टी आहे. इतका मान मिळाल्यामुळे तो आता जात नाही.

मेहुणा येऊन गेला. म्हणाला, दाजी, अभिनंदन, ताईने काम राखलं. म्हटलं, आम्ही राखलं. त्याच्या एसीच्या खोलीची चौकशी केली. केवळ किती टन आहे ते माहीत असावं म्हणून.

दुपारी बायको आली. तुमचा मायक्रोमीटर रिकामा आहे का? म्हटलं, का, नवे कमी पडले? मनातून सुखावलो. शेवटी जुनं ते जुनं. हिरव्या स्टिकरवरची धूळ पुसून दिला.

तिने माझ्या कपाचा तुटलेला कान काढला, दोन्ही बाजूंना गोंद लावला, जागेवर बसवला आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात कप आणि कान धरला. मग मायक्रोमीटर माझ्यापुढे केला. म्हणाली, आवळा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.

आवळला. रॅचेट न लावता.

गोंद वाळेपर्यंत तसाच ठेवायचाय. उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावू नये असं कागदावर लिहून ठेवलं. कान घट्ट बसलाय. थोडा तिरका बसलाय, पण किती तिरका ते मी मोजलेलं नाही.